खिट्टी जातीचा उगम

कुलूपवाल्यांचा कुलपांवर विश्वास नव्हता. गिऱ्हाइकासमोर ते कुलूप तळहातावर घेऊन असं काही जोखत, की जणू आतला खजिनाही सोबत जोखला जातोय. पण दुकानातलं कुठलंही कुलूप वाकवलेल्या तारेनं, आलेली शिंक पुरी व्हायच्या आत आपण उघडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तारेनं न उघडणारी राखण आपणच घडवायची, असं त्यांनी मनावर घेतलं. राखण म्हणजे कुत्रा. तोही आयता नाही, नव्या जातीचा.

शेजारच्या खाटकाची कुत्री जबड्याची भक्कम, पण दिवसभर घोरायची. समोरच्या शिंप्याचा कुत्रा कानाचा तिखट, पण अंगानं निव्वळ सुतळी. जबडा आईचा घ्यायचा, कान बापाचे, असा साधा सरळ बेत होता. पहिल्या वेतानं जबडा बापाचा घेतला आणि झोप आईची.

"पिल्लांना तुमचा बेत कुणी सांगितलाच नसेल," बायको म्हणाली.

कुलूपवाले हटले नाहीत. पिढ्यांमागून पिढ्या जुळवत अखेर एक मादी जबड्यानं, कानानं, छातीनं हवी तशी निपजली. जातीला त्यांनी 'सिंहमुखी रक्षक' असं नाव ठेवलं. बायको मादीला खिट्टी म्हणे.

आता राहिलं होतं श्वानमंडळाचं शिक्कामोर्तब. मंडळाचे परीक्षक 'ही जात' म्हणाले तर जात. नाहीतर उभ्या हयातीची मेहनत म्हणजे खाटकाच्या आणि शिंप्याच्या घरची भेसळ. परीक्षेच्या दिवशी ते दोघे व्याही या नात्यानं दुकानासमोर खुर्च्या टाकून बसले.

परीक्षक गोल चेहऱ्याचे, एका हातात कोपरापर्यंत चामडी हातमोजा. "मी परका म्हणून आत शिरतो. हिनं अडवलं की झालं," ते म्हणाले आणि उंबरा ओलांडून आत आले.

खिट्टी उठली. तिनं बूट हुंगला, शेपूट हलवली आणि अंग चोरून वाट करून दिली.

"कुलूपवाले, ही राखण करते की पाहुणचार?"

"कान आमच्याकडचे आहेत," बाहेरून शिंपी म्हणाला. "स्वभावाचं व्याह्यांना विचारा."

कुलूपवाले पुढे सरसावले. "पुन्हा एकदा बघा साहेब. आज तिचा मूड नाही."

परीक्षक मागच्या दारानं आले. या खेपेला खिट्टीनं पंजा पुढे केला.

"वाईट वाटून घेऊ नका," मोजा काढत परीक्षक म्हणाले. "देखणी आहे. पण हिला राखणीची जात म्हणायला माझी जीभ रेटत नाही. येतो मी."

ते वळले, तर खिट्टी उंबऱ्यात आडवी. त्यांनी पाय उचलला आणि ती अशी गुरगुरली, की बाहेर खाटकानं आपली खुर्ची मागे घेतली. कुलूपवाल्यांनी पट्टा धरून ओढलं. ती जमिनीत स्क्रू मारून बसवल्यासारखी.

"हे हिला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही, साहेब."

आतल्या खोलीतून बायको आली. "अहो, साहेबांना चावी फिरवू द्या की."

दुकानाचा तसा नियमच होता. घ्या न घ्या, एका तरी कुलपाची चावी स्वतः फिरवून पाहिल्याशिवाय कुलूपवाले कुणाला पायरी उतरू देत नसत. दारात हात आडवे करून उभे राहत.

"पोर तुमच्या पायाशी वाढली," बायको म्हणाली. "येणाऱ्याला तुम्ही अडवलेलं तिनं कधी पाहिलंय? अडवता ते जाणाऱ्याला."

परीक्षकांनी समोरचं एक कुलूप उचलून चावी फिरवली. खट्ट झालं. खिट्टी उठली, अंग झटकलं, बाजूला झाली. ते पायरी उतरले, परत आले, चावीला हात न लावता निघाले. खिट्टी आडवी. मग चावी. मग वाट. हा खेळ त्यांनी जरुरीपेक्षा बराच जास्त वेळ खेळला.

"पण चोर आत तर येणारच," ते म्हणाले.

"येऊ दे. जातोय कुठे? आपण उठेपर्यंत असतोच," बायको म्हणाली.

परीक्षकांनी हनुवटी खाजवली. "आमच्या नियमात 'परक्यास अडवणे' एवढंच आहे. येताना की जाताना, ते नाही. जात झाली तुमची. फक्त ते सिंहाचं नाव नको. वहिनी, तुम्ही काय हाक मारता हिला?"

बाहेर व्याह्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं, तेही कुलूपवाल्यांना न विचारता. कुलूपवाले मात्र तेच कुलूप फडक्यानं पुसत, पहिल्यांदाच त्याच्याकडे जरा आदरानं बघत बसले.

खिट्टीला पिल्लं झाल्यावर परीक्षक पुन्हा आले, मोजा न घालता. एक पिल्लू हवं होतं.

"तुमच्याकडे चोरीची भीती आहे?" कुलूपवाल्यांनी विचारलं.

"तसं नाही," परीक्षक बुटाकडे बघत म्हणाले. "लेक माहेरी येते आणि चहा संपायच्या आत निघते म्हणते."

बायकोनं टोपलीतलं सगळ्यात रुंद पिल्लू निवडून त्यांच्या हातात दिलं.

"चावी मात्र लपवून ठेवा," ती म्हणाली.