गोधड्यांची बोहनी

पैसे कुठे अडकलेत हे मयुरीला पक्कं ठाऊक होतं. चोराने नेले असते तर निदान आरडाओरडा तरी करता आला असता. हे पैसे वर्ध्याच्या नेट कॅफेत, संगणकाच्या पडद्यावर, तिच्याच नावापुढे ठळक दिसत होते आणि त्यांच्याखाली इंग्रजीत एक ओळ होती : आपले खाते तपासणीखाली आहे. दसऱ्याच्या आधीपासून ती ओळ ठाण मांडून बसली होती. मयुरी आंजीहून एसटीने वर्ध्याला जायची, कॅफेचं भाडं भरायची, ती ओळ वाचायची आणि हात हलवत परत यायची.

गोधड्या विकायची कल्पना तिचीच. सासऱ्यांचं, म्हणजे प्रभाकररावांचं, आंजीत कापडाचं जुनं दुकान. गावातल्या बाया जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्या घरच्या घरी वापरात जायच्या. मयुरीने त्यांचे फोटो काढले, एका विक्रीच्या साइटवर टाकले, आणि पुण्या-बंगलोरची माणसं त्यांच्यावर खुशाल पैसे खर्च करायला लागली. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरायचे, ते मधल्या एका कंपनीकडे जायचे, कंपनीने आपला वाटा कापून उरलेले मयुरीच्या बँकेत टाकायचे. कापसाच्या बाजारात अडत्या असतो तसा हा प्रकार, असं तिने सासऱ्यांना समजावलं होतं. फरक एवढाच की अडत्याने पैसे अडवले तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसता येतं. या कंपनीला ओटाच नव्हता.

पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. मयुरी बायांच्या हातावर रोख पैसे ठेवायची. मग सणाची मागणी एकदम वाढली, पडद्यावरचा आकडा फुगला आणि कंपनीला जाग आली. आता दिवाळी तोंडावर होती. बायांनी दोन महिने शिवलेल्या गोधड्यांचा एक रुपया त्यांना मिळाला नव्हता.

या बायांची म्होरकी सुमित्राबाई. हाडापेराने काटक, बोलायला तिखट. तिने "शिवा" म्हटलं की गल्लीतल्या बाया शिवायच्या, आणि पैशाबद्दल त्यांनी कधी मयुरीला विचारलं नाही. विचारायच्या ते सुमित्राबाईला. म्हणजे मयुरी जेवढी कंपनीच्या तोंडाकडे बघत होती, तेवढीच सुमित्राबाई मयुरीच्या. तिचा शब्द गेला तर आंजीत पुन्हा कोणी मयुरीसाठी सुईत दोरा ओवणार नव्हतं.

कंपनीचा संशय कशावरून, हे मयुरीला दसऱ्यानंतर कळलं. त्यांनी प्रश्न पाठवले होते, आणि सगळे प्रश्न एकाच दिवसाचे होते. गुढीपाडव्याचे.

त्या दिवशी साइटवरचं तिचं दुकान सुरू झालं होतं. दुकान उघडायचं म्हणजे मुहूर्त हवा आणि मुहूर्ताला बोहनी, म्हणजे पहिली विक्री, हवी, हा प्रभाकररावांच्या घरचा नियम. नवं दुकान कोणाचंही असो, सोयऱ्यांनी यायचं, काही ना काही विकत घ्यायचं आणि दुकानदाराला रिकाम्या गल्ल्यासमोर बसू द्यायचं नाही. त्यात दुकान सुनेचं! मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन जीपा केल्या. साडू वासुदेवराव, आत्या, चुलते, त्यांच्या सुना अशी सगळी वरात नेट कॅफेत घुसली. संगणकाला हळदकुंकू लागलं, नारळ मात्र कॅफेवाल्याने हातापाया पडून बाहेर फोडायला लावला. मग प्रत्येकाने आपापल्या नावाने एकेक गोधडी विकत घेतली. कार्ड अख्ख्या खानदानात एकाकडेच, नागपूरच्या चुलतदिराकडे, योगेंद्रकडे. त्याच्याच कार्डावरून सगळ्यांचे पैसे भरले गेले, आणि मामाजींनी तिथल्या तिथे ते योगेंद्रला रोख देऊन टाकले. शेवटी प्रत्येकजण आपली गोधडी काखेत मारून जीपमध्ये बसला. कुरिअर कशाला करायचं? माल समोरच होता.

कंपनीला दिसलं ते असं : एक कार्ड, एक संगणक, डझनभर गिऱ्हाईक, त्यातले बरेचसे एकाच आडनावाचे, आणि माल पोचवल्याची एकही पावती नाही. दुकानदाराने स्वतःच्याच दुकानातून स्वतःच खरेदी केली, धंदा खोटा फुगवून दाखवला. तसं पाहिलं तर त्यांचंही काय चुकलं? बोहनी म्हणजे काय हे त्यांच्या यंत्राला कोणी शिकवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मयुरीला टोचत होती. पाडव्याच्या संध्याकाळी तिने सुमित्राबाईला हुरळून सांगितलं होतं, "काकू, पयल्याच दिवशी सगळ्या गेल्या!" कोणी नेल्या ते सांगितलं नव्हतं. बायांनी ते शहरगावच्या लोकांचं कौतुक समजून उराशी धरलं, दुप्पट जोमाने सुया चालवल्या. मयुरीने त्यांचा गैरसमज तसाच राहू दिला.

"एकच इलाज हाये," धीरज म्हणाला. धीरज तिचा नवरा. वर्ध्याच्या एका पतसंस्थेत नोकरीला. "त्याईचा फोन आला का सांगजो, पाडव्याचे ते लोक आमचे कोनी नाई. गिऱ्हाईक हायेत. आडनाव तं गावात सगळ्याईचं सारखंच राह्यते. कुरिअरवाला आपला दोस्त हाये, जुन्या तारखेच्या पावत्या करून देतो म्हनते."

"अन् मामाजीले?"

"बाबाले काईच सांगू नको. त्याईच्या बोहनीनं हे झालं म्हनून कळलं तं जेवन सोडतीन ते."

खोटं बोलायची मयुरीला सवय नव्हती असं नाही. आठ वर्षं सून म्हणून नांदलेल्या बाईला ती थोडीफार असतेच. भाजी आवडली म्हणायचं, दुखत नाही म्हणायचं. पण खोट्या पावत्या म्हणजे वेगळी गोष्ट. तरी ती हो म्हणाली. दुसरं काही सुचतच नव्हतं.

कंपनीने कळवलं, या आठवड्यात केव्हाही फोन येईल. मोबाईलला गावात धड रेंज नसायची म्हणून तिने दुकानाचा नंबर दिला होता. तो फोन मामाजींच्या गादीशेजारी. मयुरी दिवसभर दुकानात रेंगाळायची, कापडाची थानं उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. फोन वाजला की ती हातातलं थान टाकून पुढे यायची. कोणीतरी मामाजींना पातळांचा भाव विचारायचं.

"कंपनीचा आला तं मले आवाज देजा मामाजी," ती दर सकाळी बजावायची. "तुमी नका बोलू. इंग्रजीत बोलते ते."

"व्हय व्हय," मामाजी म्हणायचे. "आमी का इंग्रजांच्या राज्यात नाई राह्यलो?"

गुरुवारी दुपारी सुमित्राबाई आली. डोक्यावर गाठोडं. आत शेवटच्या पाच गोधड्या होत्या. त्यांचे पैसे गिऱ्हाइकांनी केव्हाच भरले होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या कुरिअरने त्या जायलाच हव्या होत्या, तरच दिवाळीच्या आत पोचल्या असत्या. सुमित्राबाईने गाठोडं फळीवर ठेवलं. हात मात्र त्याच्यावरून काढला नाही.

"मयुरी, आज काय ते सांग मले," ती म्हणाली. "बाया रोज दारात येऊन राह्यल्या. मी काय तोंड दाखवू त्याईले?"

"काकू, दोन दिवस. नुसता एक फोन यायचा हाये."

"सुमित्राबाई, लुगडी घेऊन जा ना," मामाजी गादीवरून म्हणाले. दिवाळीचा माल भरून त्यांचा गल्ला रिकामा होता, हे गावालाही ठाऊक होतं. "हिशोब मंग करू."

"लुगड्यानं तेल नाई येत भाऊ. बायाईले नगद पाह्यजे."

मयुरी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेली. माठाचं झाकण काढलं आणि बाहेर फोन वाजला.

तिने पेला बुडवला. मामाजींचा आवाज आला, "हॅलो? हां, दुकान से बोल रहा हूँ. मयुरी मेरी बहू है. बोलिए ना, मैं घर का मालिक हूँ."

पेला तसाच घेऊन मयुरी धावली. उंबऱ्याला पाय ठेचला, पाणी साडीवर सांडलं. मामाजींनी तिला बघितलं आणि हाताने थांब म्हणून खूण केली. त्यांचा चेहरा खुलला होता. कोणीतरी त्यांना त्यांच्या माणसांबद्दल विचारत होतं.

"वासुदेवराव? अरे, वो तो मेरे साडू है ना! पहचानते कैसे नहीं?"

"मामाजी, मले द्या," मयुरी म्हणाली. तिने हात पुढे केला. सासऱ्याच्या हातातून फोन हिसकावायचा म्हणजे किती पुढे जायचं, हे त्या क्षणी तिच्या हाताला कळेना.

"हां, वो भी हमारी, वो भी हमारी, सगी बहन है. सब घर के लोग है साहब. मैंने ही सबको भेजा था, मुहूरत था ना." मामाजी हसले. "पैसा? पैसा किसने दिया? मैंने दिया! बोहनी में मेहमान को खर्चे में थोड़ी डालते है. कुरिअर काहे का साहब, सब हाथ में लेके गए."

पलीकडचा माणूस फार सभ्य असावा. त्याने आभार मानले असावेत, कारण मामाजींनीही त्याला दिवाळीचं आवतण देऊन फोन ठेवला.

"झालं काम," ते म्हणाले. "उगाच भीत होती तू. चांगलं पोरगं होतं, सगळं बराबर लिहून घेतलं त्यानं. कायचीच लपवालपवी नाई, सगळं खरं सांगून टाकलं. आता येतीन तुये पैसे."

मयुरी खाली बसली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण हसू आलं, आणि ते रडण्याहून वाईट होतं.

"नाई येनार मामाजी," ती म्हणाली. "खोटी विक्री ठरली का सहा महिने अडवून ठेवते ते. कदाचित कधीच नाई."

"काऊन?"

मग तिने सांगितलं. कार्ड, संगणक, आडनाव, कुरिअर. धीरजच्या पावत्यांचंही सांगितलं, कारण आता झाकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मामाजी ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू उतरत गेलं आणि ते बघवेना. चाळीस वर्षं त्यांनी ज्याच्या-त्याच्या दुकानात पहिली खरेदी केली होती. त्याने कोणाचं वाटोळं होईल असं त्यांना स्वप्नातही आलं नसतं.

पण बोलली ती सुमित्राबाई.

"म्हनजे पाडव्याच्या गोधड्या तुमच्या सोयऱ्याईनं नेल्या?"

"बोहनी होती ते काकू."

"अन् पैसे भाऊनं देल्ले. तू तं म्हने, पयल्याच दिवशी सगळ्या गेल्या." ती मयुरीकडे रोखून बघत होती. "मंग बाकीच्या? त्याबी याईच्याच घरात पडल्या असतीन काय?"

"नाई वो काकू! बाकीचे खरे गिऱ्हाईक हायेत. पुन्याचे, नाशिकचे."

"मले काय मालूम? मी पाह्यले काय ते?"

कंपनीने जे विचारलं होतं, तेच ही विचारत होती, आणि हिने तर महिनोन्‌महिने बोटं टोचून घेतली होती. सुमित्राबाईने गाठोड्याची गाठ आवळली.

"काकू, त्या नका नेऊ." मयुरीने गाठोड्यावर हात ठेवला. "याचे पैसे लोकाईनं भरले हायेत. उद्या नाई गेल्या तं मी खरंच चोर ठरीन."

"भरले तं कुठी हायेत ते पैसे?"

"सुमित्राबाई," मामाजी उठून उभे राहिले, "माह्या शब्दावर ठेवून जा."

"तुमच्या शब्दावरच तं शिवल्या भाऊ." ती रागाने बोलली नाही. "पैसे आले का निरोप धाडजा. मंग आनून देईन."

ती गाठोडं उचलायला लागली. जड होतं, एकटीला डोक्यावर घेता येईना. मयुरीने हात काढला नव्हता. मामाजींनी तो हळूच बाजूला केला, गाठोड्याला खालून हात लावला आणि सुमित्राबाईच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. ती निघून गेली.

एक बाई पातळ बघायला आली. मामाजींनी तिला उद्या ये म्हणून सांगितलं.

"त्या पाच लोकाईचे नंबर हायेत काय तुह्यापाशी?" त्यांनी विचारलं.

"हायेत."

"मंग लाव. जे हाये ते सांगून टाक." त्यांनी फोन तिच्याकडे सरकवला.

पहिला नंबर नाशिकच्या एका बाईंचा होता. त्यांना लेकीच्या बाळंतपणासाठी गोधडी हवी होती. मयुरीने नाव सांगितलं, गाव सांगितलं. गोधडी शिवून तयार आहे, पण येणार नाही. पैसे मधल्या कंपनीत अडकलेत, तिथे तक्रार करा म्हणजे तुमचे तुम्हाला परत मिळतील, असं सगळं सांगितलं. ते सांगताना तिला स्वतःलाच ते बनावट वाटायला लागलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हनली?" मामाजींनी विचारलं.

मयुरीने त्यांना ते जसंच्या तसं सांगितलं.