बिनचाकाचं विमान

इस्पितळात तिला सगळे ‘चाकबाई’ म्हणत. स्ट्रेचर असो की व्हीलचेअर, अडलेलं चाक तिच्या हातात आलं की मुकाट्याने फिरायला लागायचं. सत्तावीस वर्षं हेच केलेल्या बाईला चाकांबद्दल कुणी शिकवू नये. पण दादा शिकवणारच. थोरला भाऊ ना तो!

टेबलावर रिमोटवर उडणारं विमान होतं, दादाने तिच्यासाठी बांधलेलं, आणि शेवटचं. बोटं थरथरायला लागल्यापासून त्याचा रिमोट सुटला आणि मैदानही. सहा महिने स्वारी खिडकीशी बसून होती. तिला तेच बघवत नव्हतं. त्यात हे विमान मोडलं तर दुसरं त्याच्या हातून होणार नव्हतं.

“नवशिक्याला पुढे एक, मागे दोन चाकं,” दादा म्हणाला. “जमिनीवर सरळ धावतं.”

“गुळगुळीत जमिनीवर. आपल्या मैदानात गवत आहे.”

“मग पुढे दोन मोठी आणि शेपटीला एक चिमुकलं.”

“ते नवख्याच्या हातात गर्रकन फिरतं, असं तूच सांगायचास.”

दादाने चष्मा काढून पुसायला घेतला. स्वतःचंच बोलणं अंगाशी आलं की तो तेच करायचा.

सकाळीच ती व्हीलचेअरचं पुढचं जुनं, छोटं चाक काठीला लावून मैदानभर ढकलून आली होती. लोक बघत होते, बघेनात का! चाक दर दहा पावलांवर गवतात रुतत होतं. तिचा निर्णय तिथेच झाला. आता तिने पेचकस उचलला, दादाने तात्पुरती लावलेली चाकं काढली आणि विमानाच्या पोटावर जाड चिकटपट्टी ओढली.

“अगं, चाकबाई तू, आणि विमान बिनचाकाचं?”

“गवतावर पोटाने घसरत उतरेल. टेकायच्या आधी मोटर बंद केली की झालं.”

“आणि उडणार कसं?”

“हाताने फेकायचं. माझे दोन्ही हात रिमोटवर, तेव्हा फेकायला माणूस हवा. दर वेळी.”

तिचा डाव दादाच्या लक्षात आला. त्याने थरथरता पंजा तिच्यापुढे धरला. “हा बघितलास?”

“बोटं थरथरतात, खांदा नाही. परवा माळ्यावरची पेटी एका दमात उतरवलीस, तेव्हाच बघून ठेवलं. बूट घाल.”

मैदानात दादाच्या मुठीत विमान किंचित हलत होतं. मोटर चालू करून ती खणखणीत आवाजात ओरडली, “सोड!”

खांद्यातून आलेली फेक सुतासारखी सरळ गेली. विमानाने दोन मोठ्या फेऱ्या मारल्या, एकदा भलतंच कललं, दादा ओरडला, “हळू, हळू!” तिने सावरलं, मोटर बंद केली आणि विमान गवतावर सर्रकन घसरत थांबलं. ओरखडासुद्धा नाही.

ती पोहोचायच्या आत दादा तिथे होता. त्याने विमान उचललं, पोटावरची माती पुसली आणि पुन्हा आपल्या जागी, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

“बघतेस काय? मोटर चालू कर.”