इंजेक्शनची रांग

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या कम्युनिटी हॉलमध्ये गणपतीच्या नाटकाची तालीम रंगात आली होती. विषय पुण्यातला १८९७ चा प्लेग: रोगी शोधायला घराघरांत शिरलेले गोरे सोजीर, आणि त्यांच्या साहेबाला गोळ्या घालणारे चापेकर बंधू. दामोदर झाला होता श्रीरंग देवस्थळी. प्रॉम्प्टिंग हिमानीकडे होतं. तिला रंगमंचाची हौस नव्हती, पण चुकलेला शब्द तिच्या कानातून सुटत नसे.

ऑफिसात श्रीरंग तिचा बॉस. मलेरियाच्या नव्या इंजेक्शनची चाचणी त्यांची कंपनी कॅमेरूनच्या पूर्व भागात घेणार होती. चाचणीच्या आराखड्यावर सुरक्षितता तपासणारी म्हणून हिमानीची सही तेवढी बाकी होती.

चहा आला तसा तो पगडी सांभाळत तिच्यासमोर बसला.

"सही कधी करतेयस?"

"ते एक वाक्य काढा, श्रीरंगदादा. आत्ता करते."

लोक स्वतःहून आले नाहीत तर तिथला सरकारी अधिकारी, उपप्रीफे, हुकूम काढेल आणि सशस्त्र पोलीस वस्त्यांमधून माणसं घेऊन येतील, असं ते वाक्य होतं.

"अगं, अख्ख्या गावातून मूठभर माणसं आली! चाचणी काय झाडांवर करू?"

"का आली नाहीत, ते सोलांजने सांगितलंय ना."

सोलांज ही त्यांची तिथली डॉक्टर. तिचं आजोळ त्याच भागातलं. १९५४ मध्ये फ्रेंचांचं फिरतं पथक तिकडे गेलं होतं. माशी चावून होणाऱ्या झोपेच्या आजारावरचं इंजेक्शन, सरकारी हुकमाने, सगळ्यांना रांगेत उभं करून. औषधात कालवलेलं पाणी दूषित होतं. शेकडो लोकांना गँग्रीन झालं, कित्येक गेले. सोलांजची आजी वाचली, पण तिच्या कमरेखाली मूठ मावेल एवढा खड्डा जन्मभर राहिला.

"ते फ्रेंचांनी केलं," श्रीरंग म्हणाला. "साठ साली गेले ते. आता तिकडे फ्रान्सला कुत्रं विचारत नाही. आपली कंपनी अमेरिकन, त्यात आपण इंडियन. आपणही गुलामीत होतो, यार. दे विल ट्रस्ट अस."

"फ्रेंच गेले, उपप्रीफेची खुर्ची राहिली. तिच्यामागे आधी पॅरिस होतं, मग अमेरिकेने सैनिक शिकवले, आता रशियाशी करार आहे. दारात उभ्या असलेल्या बाईला फरक काय दिसणार? बंदूक तीच, सुई तीच."

"पॉलिटिक्स मला नको शिकवूस. तू मॉलेक्यूल बघ."

"मॉलेक्यूल चांगला आहे, म्हणूनच सांगतेय. एकदा धरून आणून टोचलंत, की त्यांची नातवंडंसुद्धा साधी लस घेणार नाहीत."

श्रीरंगने कप आपटला. "ग्रीन कार्डची फाइल कुणाच्या सहीने पुढे जाते, आठवतंय ना? का नागपूरला जाऊन अकरावीच्या ट्यूशन्स घ्यायच्यात? उद्या सही कर, नाहीतर टेबल आवरून बॉक्स भरायला घे."

"सही होणार नाही."

"माज आलाय तुला."

"ए, ऑफिसची भांडणं ऑफिसात!" दिग्दर्शन करणारी त्याची बायको दीपा ओरडली. "शेवटचा प्रवेश, चला."

श्रीरंग तावातावाने रंगमंचावर गेला. सोजीर उंबरठ्यावर आले. त्याने बोट रोखलं, तोंड उघडलं आणि तो अडला. पुढचं वाक्य आठवेना. "हं, दे!" तो विंगेकडे न बघता खेकसला.

हिमानीने वाक्य दिलं. रोज देते तसंच, सपाट आवाजात.

"औषध द्यायला आलात, तर बंदूक कशाला आणलीत?"

श्रीरंगने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. काहीतरी उमगेल म्हणून ती क्षणभर थांबली. त्याच्या नजरेत राग होता, बाकी काही नव्हतं. तो सगळा राग त्याने त्या वाक्यात ओतला. हॉल दणाणून गेला.

"व्वा! श्री, हाच टोन ठेव, हाच!" दीपाने टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी.

हिमानीने फोन काढला. एथिक्स कमिटीला लिहिलेली मेल दुपारपासून तशीच पडून होती: सही करणार नाही, कारण खाली दिलं आहे. सीसीत श्रीरंगचं नाव. तिने ती पाठवली.

टाळ्या चालू असतानाच त्याच्या धोतराला खोचलेला फोन थरथरला. त्याने तिथेच उभ्याउभ्या मेल वाचली. पगडी काढून शेजारच्या सोजिराच्या हातात दिली.

"दीपा," तो म्हणाला, "प्रॉम्प्टिंगला दुसरं कुणीतरी बघ."