शुभेच्छांखाली पाणी

बाळासो मालकांना नगरसेवक व्हायचंय, म्हणून आमच्या प्रभागाला वेबसाइट हाय. बातम्या मी टाकते. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि किती वाजता ते देवालाही ठाऊक नसतं. पाणी सोडणारा जोतिराम तेवढा मला आधी फोन करून सांगतो. म्हणून मी साइटला फीड जोडली. साइटवर बातमी पडली की आपोआप लोकांच्या मोबाईलवर जाते; ताज्या दहाच दिसतात, नवी सगळ्यांत वर. लई साधं काम.

शेजारच्या नागव्वाच्या फोनवर मीच ती लावून दिली. एकटी बाई, गुडघे गेलेले, पाण्यापायी रात्र रात्र जागायची. "आता संध्याकाळी फोन बघायचा," मी म्हणाले. "पाण्याची बातमी असली तर पहाटे उठायचं, नसली तर निवांत झोपायचं."

मग मालकांचा वाढदिवस आला. मी सुचवलं, शुभेच्छा देणाऱ्यांची नावं एकाच बातमीत घालू. मालकांनी असं पाहिलं, जणू मी त्यांचं तिकीटच कापलं.

"एकाच बातमीत? कुणाचं नाव आधी, कुणाचं मागं? माणसं तुटतील की. प्रत्येकाची वेगळी टाक. फोटोसकट."

"फीडमध्ये दहाच मावतात, मालक. आज पाण्याचीबी बातमी हाय."

"पाणी काय, येतच असतंय. वाढदिवस वर्षातनं एकदाच येतोय."

पाण्याची बातमी आधीच टाकली होती; तिच्यावर शुभेच्छा टाकल्या. आधी मित्रमंडळाची, मग त्यातून रुसून फुटलेल्या मित्रमंडळाची, मग महिला आघाडीची, म्हणजे मालकांच्या बायकोची, असं करत दहाच्या वर गेल्या. फोटो सगळीकडे तोच, काळा चष्मा आणि कानाला मोबाईल. पाण्याची बातमी खाली खाली सरकत पार दिसेनाशी झाली.

पहाटे नळ आला. मी पिंपं भरली, आणि नागव्वाच्या घरात अंधार दिसला तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. धावत जाऊन तिला उठवलं, तोवर नळ नुसता फुसफुसत होता.

"फोन बघितला की गं," ती म्हणाली. "पाण्याचं काय नव्हतं. वर मालक, खाली मालक. मग झोपले."

चिडलीसुद्धा नाही बिचारी. मला मात्र रडू आलं, आणि तशीच तणतणत मालकांचं घर गाठलं. मालकांचं मन मोठं. त्यांनी ताबडतोब टँकर पाठवला, पुढच्या बाजूला स्वतःचा बॅनर लावून. पाठोपाठ स्वतःही आले. नागव्वाला घागर देताना तीन वेळा फोटो काढला, कारण पहिल्या दोन्हीत ती हसली नाही.

"ही बातमी वर ठेव," मला म्हणाले. "आठवडाभर हलली नाय पायजे."

नागव्वाच्या फोनवरची फीड मी त्याच दिवशी काढून टाकली. आता पाणी आलं की मी जाऊन तिच्या दाराची कडी वाजवते. मालकांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं.

"ऋतुजा," ते म्हणाले, "एक वाचक कमी केलास की गं."