लँडरमविरुद्धचा कागद

कॉलेज फुटबॉलमध्ये वेस्टोव्हरकडून आम्ही एकतीस-दहाने हरलो. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेसहालाच माझ्या हॉटेलात बसायला जागा उरली नव्हती. संघ जिंकला की आमच्या टॅलमन गावातले लोक घरी न्याहारी करतात. हरला की सगळे माझ्याकडे येतात.

खिडकीजवळचं मोठं टेबल हर्शेल स्लोनचं. म्हणजे टेबल माझंच, पण त्याचा आवाज एवढा मोठा की दुसरं कुणी तिथे स्वतःहून बसत नाही. हर्शेलचं गॅरेज आहे. त्याच्यासमोर आयमोजीन कॉम्ब्स बसतात. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, अर्ध्या गावाला त्यांनी कधी ना कधी नापास केलंय, म्हणून त्यांना सगळे अजून बाईच म्हणतात. आणि भिंतीकडच्या खुर्चीत डेल्बर्ट रॅटलिफ. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत वीजतंत्री होता. बायको जाऊन चार वर्षं झाली. बोलणं मुळातच कमी, आणि त्या सोमवारी तर तो एक अक्षर बोलत नव्हता.

"मला एवढंच सांगा," हर्शेल म्हणाला, "धडधाकट पोरगा बाकावर बसवायचा आणि त्या काडीपैलवानाच्या हातात चेंडू द्यायचा, ही अक्कल कोच लँडरमला सुचली तरी कशी?"

"काडीपैलवानाला नाव आहे, ट्रेंट," बाई म्हणाल्या. "आणि मध्यंतरापर्यंत आपण बरोबरीत होतो."

"बरोबरीत! बाई, तुम्हीच हिशेब मांडा. चार वर्षं. एकोणीस विजय, सत्तावीस पराभव. उत्तर काय येतं?"

"उत्तर असं येतं, की लँडरम आला तेव्हाचा संघ तुझ्या गॅरेजमागच्या गाड्यांसारखा होता. एकही जागची हलत नव्हती. निदान आता चालतात तरी."

"चालतात, पण दरीच्या दिशेने!"

सगळं हॉटेल हसलं. डेल्बर्ट हसला नाही. कारण ज्याला बाकावर बसवलं तो कोल्बी त्याचा नातू होता. कोल्बी आमच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक. प्रत्येक चढाईत चेंडू आधी त्याच्या हातात यायचा आणि मग कुणाकडे फेकायचा ते तो ठरवायचा. त्या शनिवारी व्यावसायिक संघांची दोन माणसं खास त्याला बघायला आली होती. त्यांनी त्याला चार तास पाण्याच्या पिंपाशेजारी उभं असलेलं बघितलं. ट्रेंटने तीन वेळा चेंडू सरळ वेस्टोव्हरच्या हातात दिला. सामन्यानंतर पत्रकारांनी कोच लँडरमला चार-चारदा विचारलं, कोल्बीला दुखापत आहे का? त्याने चारही वेळा तेच सांगितलं, "डॉक्टरांनी त्याला खेळायला परवानगी दिली होती. त्याला बसवायचा निर्णय माझा. जबाबदारीही माझी."

हर्शेलने कोटाच्या खिशातून कागद काढून टेबलावर पसरला. लँडरमला ताबडतोब काढून टाका, अशी कॉलेजच्या अध्यक्षांना मागणी होती. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये समर्थक मंडळाची सभा, तिथे तो वाचून दाखवायचा होता.

"पहिली सही तुझी, डेल्बर्ट," तो म्हणाला. "आजोबांचं नाव वर असलं की बाकीचे रांग लावतील."

डेल्बर्टने पेन घेतलं नाही. "मी सही करणार नाही."

"काय?"

"नाही करणार, एवढंच."

"अरे, अठरा हजार लोकांसमोर तुझ्या पोराचा पोपट केला त्या माणसाने! त्याचं भविष्य मातीत घातलं!"

"ऐकलं मी, हर्शेल."

"मग? की लँडरमने आतून काही कबूल केलंय तुला? पुढच्या वर्षीचं काही?"

डेल्बर्टने कप खाली ठेवला, टोपी घातली आणि ताटातलं तसंच टाकून निघून गेला. वीस वर्षांत त्याने माझ्याकडचं अन्न कधी टाकलं नव्हतं.

दुपारी दोनला मी बंद करत होते, तेव्हा तो मागच्या दाराने आला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मी बटाटे सोलत राहिले.

"वॉनेटा," तो म्हणाला, "लँडरमला फोन मी केला होता."

मग त्याने सगळं सांगितलं. वेस्टोव्हरच्या आधीच्या सामन्यात कोल्बीला दोघांनी एकदम पाडलं होतं, डोकं जमिनीवर आपटलं होतं. तो उठला, खेळला, आम्ही जिंकलोही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो डेल्बर्टकडे जेवायला आला. राजमा आणि मक्याची भाकरी वाढून झाली, तेवढ्यात त्याने विचारलं, "पॅपॉ, मॅमॉ कुठे गेली?" डेल्बर्टला वाटलं, पोराला आजीची आठवण आली. पाच मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, आणि उठून तिला परसदारी हाक मारायला निघाला. आजीची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत हाच पोरगा सगळ्यात पुढे होता.

"तासाभराने भानावर आला," डेल्बर्ट म्हणाला. "माझे हात धरले. म्हणाला, कुणाला सांगू नकोस, शनिवारी ते लोक मला बघायला येतायत. मी हो म्हटलं. तो गेला आणि मी लँडरमला फोन केला."

"मग कोच काय म्हणाला?"

"डॉक्टरकडे पाठवलं त्याने. तिथे पोरगा सफाईने पास झाला. तारीख विचारली, महिने उलटे म्हणायला लावले. त्याने आधीच घोकून ठेवलं असणार. डॉक्टर म्हणाला, ठीक आहे. लँडरमने मला फोन करून विचारलं, मिस्टर रॅटलिफ, तुम्हाला खात्री आहे का? मी म्हटलं, आहे. पण माझं नाव पोराला कळता कामा नये. तो म्हणाला, नाही कळणार." डेल्बर्टने टोपी गुडघ्यावर ठेवली. "शब्द पाळला त्याने. आणि मी त्याच्याविरुद्धच्या कागदासमोर बसून कॉफी पितोय."

मंगळवारी लँडरमच्या घरासमोरच्या हिरवळीवर कुणीतरी 'घर विकणे आहे' अशा सात पाट्या ठोकल्या, म्हणजे गाव सोडून जा. त्याची मुलगी सातवीत होती. तिला शाळेच्या बसमध्ये पोरांनी बापाच्या नावाने गाणं म्हणत चिडवलं. आणि बुधवारी सकाळी, दर बुधवारी यायचा तसा, लँडरम माझ्या हॉटेलात आला.

तो काउंटरवर बसला. मी विचारलं, "नेहमीचंच ना, कोच?" तो म्हणाला, "हो, मॅडम." अंडी तव्यावर पडल्याचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू गेला असेल.

हर्शेल उठला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "कोच, एकच प्रश्न. पोरगा धडधाकट होता ना?"

"डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं."

"मग का बसवला?"

"मला योग्य वाटलं म्हणून."

"तुला वाटलं! तुला वाटतं त्यावर हे गाव चालत नाही. त्याचा आजोबा तिथे बसलाय बघ. त्याच्या तोंडावर सांग, का बसवला!"

लँडरम वळला. त्याने डेल्बर्टकडे बघितलं, अनोळखी माणसाला मान हलवावी तशी हलवली, आणि म्हणाला, "माझा निर्णय होता, मिस्टर रॅटलिफ. तुम्हाला राग आला असेल तर तो बरोबर आहे."

मी कॉफी ओतायला गेले तर डेल्बर्टने कपावर हात ठेवला. लँडरमने अंडी संपवली, बिल भागवलं, मला धन्यवाद म्हणाला आणि गेला. दार बंद झाल्यावर हर्शेल म्हणाला, "बघितलंत? माज बघा माज!"

गुरुवारी संध्याकाळी डेल्बर्ट मला सभेला न्यायला आला. पिकअपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, त्याचे डोळे लाल होते.

"दुपारी कोल्बीकडे जाऊन आलो," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून."

"काय म्हणाला?"

"आधी विश्वासच बसेना. तू? पॅपॉ, तू? मग म्हणाला, सभेत एक शब्द काढलास तर मला एकही संघ घेणार नाही. आणि तुझ्या घराची पायरी मी पुन्हा चढणार नाही." गाडी सिग्नलला थांबली. "ढगाळ दिवस, वॉनेटा. आणि पोरगा काळा चष्मा लावून बसला होता. मी विचारलं, उजेड टोचतोय का? तर दार लावून घेतलं."

"मग आता?"

"माहीत नाही," तो म्हणाला. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही. मागच्याने भोंगा वाजवल्यावर हलवली.

हॉल खचाखच भरला होता. हर्शेलने कागद वाचला, टाळ्या पडल्या. आयमोजीन बाई उठून म्हणाल्या, "या वर्षी पहिल्या पसंतीचे सात खेळाडू जखमी होते, त्याचा विचार—" तर मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, शाळा सुटली! खाली बसा!" त्या बसल्या नाहीत, पण त्यांचा आवाज कुणाला ऐकू येईना. एकजण म्हणाला, लँडरमला आजच्या आज गावाबाहेर काढा. दुसरा म्हणाला, गाडीत सामान भरायला मी मदत करतो. कागद हातोहात फिरत होता आणि सह्यांची दुसरी बाजू भरत आली होती.

कागद आमच्या रांगेत आला. डेल्बर्टने तो हातात घेतला आणि उभा राहिला. लोकांना वाटलं सही करतोय, म्हणून टाळ्या वाजल्या.

"कोल्बीला खेळवू नका, असं लँडरमला मी सांगितलं," तो म्हणाला.

पुढच्या रांगांना ऐकू गेलं, मागच्यांना नाही. "मोठ्याने बोल!" कुणीतरी म्हणालं.

"मी सांगितलं!" डेल्बर्ट ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्याने रविवारचं जेवण सांगितलं. आजीबद्दलचे तिन्ही प्रश्न, परसदारी मारलेली हाक, सगळं. "माझं नाव सांगू नका म्हणून मीच विनवलं होतं. तुम्ही त्याच्या दारात पाट्या ठोकल्यात, तरी त्याने सांगितलं नाही. शिव्या द्यायच्यात तर मला द्या. मी इथे उभा आहे."

"पण डॉक्टरने पास केलं होतं ना?" एकाने विचारलं.

"डॉक्टरने त्याला तारीख विचारली. मॅमॉ कुठे आहे ते नाही विचारलं."

हर्शेल व्यासपीठावरून खाली आला आणि डेल्बर्टसमोर उभा राहिला. त्याचा चेहरा पडला होता. "सोमवारी का नाही सांगितलंस मला? आपण रोज एका टेबलावर बसतो."

"तुला सांगितलं असतं तर मंगळवारी वर्तमानपत्रात आलं असतं."

"ते खरंय," हर्शेल म्हणाला. त्याने कागद मागून घेतला, स्वतःच्या सहीवर एक रेघ ओढली आणि बाहेर जाऊन गाडीत बसून राहिला. पंधरा-वीस जणांनी आपापली नावं खोडली. बाकीच्यांनी नाही. कुणीतरी म्हणालंच, "हे ठीक, पण सत्तावीस पराभव आहेतच की." आणि तो कागद शेवटी अध्यक्षांकडे गेलाच.

शेवटचा सामना आम्ही हरलो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजने लँडरमला काढलं. पत्रकात पराभवांचा आकडा होता, कोल्बीचा उल्लेखही नव्हता. पण सभेनंतर दुसऱ्याच दिवशी कॉलेजने कोल्बीला मोठ्या शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांनी चार तास तपासून सांगितलं, की वेस्टोव्हरच्या सामन्यात डोक्याला आणखी एक दणका बसला असता तर पोरगा कदाचित उठलाच नसता. निदान सहा महिने मैदानावर पाऊल टाकायचं नाही.

लँडरम गाव सोडत होता तेव्हा डेल्बर्ट त्याच्याकडे गेला. दोघांनी मिळून ट्रकमध्ये खोकी चढवली. "फोन केलात ते फार बरं केलंत," लँडरम म्हणाला. "सभेत बोलायची मात्र गरज नव्हती. माझी नोकरी तशीही जाणारच होती. आणि त्या पोराच्या नावापुढे आता प्रत्येक संघ डोक्याची दुखापत लिहून ठेवणार."

"माहीत आहे," डेल्बर्ट म्हणाला. त्याने लँडरमच्या मुलीची सायकल उचलून वर दिली.

कोल्बी नाताळला आला नाही. फोनही उचलायचा नाही. डेल्बर्ट रोज सकाळी यायचा. हर्शेल त्याच्याशी हवापाण्याचं बोलायचा, फुटबॉलचं नाही. बाई दोघांच्या मधे बसायच्या.

मार्चमध्ये एका शनिवारी कोल्बी हॉटेलात आला. वजन उतरलं होतं. सरळ जाऊन डेल्बर्टसमोरची खुर्ची ओढून बसला. हर्शेल आणि बाई कप घेऊन काउंटरवर सरकले. मी ताट घेऊन गेले, त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"जानेवारीपर्यंत वाचताना ओळी हलायच्या," कोल्बी म्हणाला. "आता नाही हलत."

"बरं झालं."

"डॉक्टर म्हणतात, ऑगस्टमध्ये बघू. खेळेन, नाहीतर नाही खेळणार."

"हं."

"मी अजून रागावलोय तुझ्यावर, पॅपॉ."

"कळतंय मला," डेल्बर्ट म्हणाला. "अंडी गार होतायत."

कोल्बीने काटा उचलला. तो खात असताना डेल्बर्टने त्याच्यावरून नजर हलवली नाही, आणि मी तिथे उगाच पाण्याचा जग घेऊन उभी राहिले.