न उसवलेलं पोतं

पिल्लं माझी, कोंबड्या ताईच्या आणि खुराडं दोघींचं, अशी आम्हा बहिणींची सरळ वाटणी होती. अकरा पिल्लं मी निजायच्या खोलीत, दिव्याच्या उबेत वाढवली. नवरा म्हणायचा, "आता मीच खुराड्यात जाऊन झोपतो." पंधरा दिवस मध्ये जाळी ठेवून कोंबड्यांशी त्यांची तोंडओळख करून दिली आणि मग जाळी काढली.

एकत्र आली की पिल्लं कुणाच्याही भांड्यात चोच घालतात. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार. पिल्लांची मूत्रपिंडं त्यानं कामातून जातात. म्हणून सगळ्यांना पिल्लांचंच खाद्य द्यायचं आणि कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायचा. लेकीच्या बाळंतपणाला निघताना हे मी ताईला तीनदा सांगितलं.

"अगं, मी काय कालची पोर आहे का?" ती म्हणाली.

महिनाभर मी रोज फोन करायचे. "पोटभर खातायत गं. तुझं पोतं तर संपत आलं!" ती सांगायची, आणि मी निर्धास्त व्हायचे.

परत आले तर सातच पिल्लं. त्यातली तीन सुजलेले पाय ओढत चालत होती. चार गेली, तरी ताईनं अवाक्षर काढलं नव्हतं.

खुराड्यामागे माझं पोतं उभं होतं. शिवण शाबूत, दोरासुद्धा उसवलेला नव्हता.

"तुझ्या खाद्यानं टरफलं पातळ पडली असती," ताई म्हणाली. "अंड्यांची गिऱ्हाइकं कुरकुरली असती."

"मग शिंपल्यांचा चुरा?"

"कोण रोज दोन-दोन भांडी भरत बसणार? आणि पिल्लं काय, पुन्हा आणता येतात."

"आणि पोतं संपत आलं म्हणालीस ते?"

ती बोटातली अंगठी फिरवत राहिली. "तुला तिकडे घोर नको म्हणून."

अंगाचा तिळपापड झाला. शाळेत असल्यापासून ताई म्हणेल ती पूर्व दिशा. तिचं एकही वाक्य मी कधी पडताळलं नव्हतं. चार पिल्लांपेक्षा मला तिचं खोटंच जास्त लागलं.

मी दोरा कापला, पोतं उघडलं. सगळ्यात लंगडं पिल्लू माझ्या तळहातावरून खाऊ लागलं.

संध्याकाळी ताईनं माझ्या दारात अंडी ठेवली. एक मी भांड्याच्या काठावर आपटलं. फुटलं नाही. पुन्हा जोरात आपटलं, तेव्हा कुठे टरफल तडकलं. मग बाकीचीही फोडली आणि सगळं मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "खाल्लीस का गं अंडी?"

"खाल्ली ना, छान होती," मी म्हणाले.

फोनवर खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं.