बाराव्या खिळ्यावरचा फोटो

प्रणालीच्या शाळेत, हॉलच्या एका भिंतीवर अकरा बायका आहेत. कोणी घोड्यावर, कोणी हातात पुस्तक घेतलेली, कोणी नुसतीच कॅमेऱ्याकडे रागाने बघणारी. प्रत्येकीच्या गळ्यात चंदनाचा हार आणि हारावर वर्षभराची धूळ. अमरावतीतल्या या मुलींच्या शाळेची रीतच आहे, दहावीच्या मुलींनी जाताना भिंतीला एक थोर बाई देऊन जायचं.

यंदाची बारावी बाई कोण, हे प्रणालीने वर्गाला विचारलंच नाही. सांगूनच टाकलं.

नववीच्या दिवाळीपर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा बाकात तोंड खुपसून ‘यस मॅडम’ म्हणायची. मग वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात पहिली आली आणि तिला जी वाचा फुटली, ती बंद करायचं बटण घरात कोणालाच सापडेना. त्या भाषणाची सुरुवात तिने दोन ओळींनी केली होती.

‘जिनामंधी बाई, नाकातोंडामंधी रुई,
हजेरीले नंबर, मले नाव-गाव नाई.’

या ओळी करणारी बाई कुठल्या मोठ्या ग्रंथातली नव्हती, अकोल्याच्या जुन्या शहरात, प्रणालीच्या सीमामावशीच्या शेजारच्या दारात बसलेली होती. चतुराबाई. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनात तीस वर्षं राबलेली. हात चालायचे तशी गाणी सुचायची, बाकीच्या बाया ती उचलायच्या. मग वस्तीतल्या पोरांनी त्या गाण्यांची बत्तीस पानांची पिवळी पुस्तिका छापली. तिची एक प्रत मावशीकडे होती, ती आता प्रणालीच्या दप्तरात असायची.

वर्गातल्या पोरींनी खूप चिडवलं. तुझी आजी गुगलवर पण नाही म्हणे. प्रणाली म्हणाली, मग टाकू ना आपण. आणि मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, विचारायच्या आधीच रविवारी अकोला गाठून तिने चतुराबाईंना सांगूनही टाकलं, की आजी, तुमचा फोटो आमच्या शाळेत लागणार.

चतुराबाई आधी हसल्या. एकोणऐंशी वर्षांची बाई, पाय सुजलेले, पण कान तिखट.

“काय व पोट्टे, मी काय राणी हाओ का?”

मग बराच वेळ लुगड्याचा काठ चाचपत राहिल्या आणि एकच गोष्ट विचारली, “पोरीईची शाळा हाये का थे?”

हो म्हटल्यावर त्या लगेच तयार झाल्या. दुसऱ्याच दिवशी पांढरं लुगडं नेसून मावशीबरोबर स्टुडिओत गेल्या. फोटोवाला समोर बघा, समोर बघा म्हणत राहिला, आणि आजी बाजूच्या पडद्यामागे काय आहे तेच बघत राहिल्या. फोटो तसाच आला, मान जराशी वळलेली.

मोठ्या बाईंनी तो फोटो दोन्ही हातांत घेऊन पाहिला, छान आहे म्हणाल्या आणि परत दिला. ती भिंत गेलेल्यांची आहे, बाळा. जिवंत माणूस तिथे लावत नसतात. प्रणाली अर्धा तास भांडली. भाषणातली सगळी वाक्यं वापरली. पण नियम तो नियम.

आता हे अकोल्याला कसं सांगायचं? दर शुक्रवारी मावशीच्या फोनवरून आजींचा आवाज यायचा, “लागला का व फोटो?” पहिल्या शुक्रवारी प्रणाली म्हणाली, लागतोच आहे. दुसऱ्या शुक्रवारी फ्रेम करायला दिलाय. तिसऱ्या शुक्रवारी तिच्या तोंडून निघून गेलं, “लागला आजी.”

पलीकडून आजी म्हणाल्या, “मंग येतो मी पाह्याले.”

प्रणालीने फोन मावशीकडे द्यायला सांगितलं. मावशी सांगत होती की डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केली आहे, आणि म्हातारी एसटीने दोन तास यायचं म्हणते, कोणाचं ऐकत नाही.

शेवटी प्रणालीने शाळेतल्या शिपाईबाई पार्वताबाईंचे पाय धरले. पार्वताबाई शाळेच्या आवारातच राहायच्या. रविवारी सुट्टी, हॉल रिकामा. तासाभरापुरता फोटो लावू, आजी पाहतील, जातील, मी काढून घेईन. पार्वताबाईंनी, माही नोकरी घालवशीन तू, असं दोनदा म्हटलं आणि स्टूल आणून दिलं. अकराव्या फोटोच्या पुढे एक रिकामा खिळा होताच. त्याच्यावर फ्रेम टांगून प्रणाली ऑटोने बसस्टँडवर गेली.

इकडे पार्वताबाईंनी हॉल झाडला. भिंतीकडे पाहिलं. अकरा बायांच्या गळ्यात हार आणि हिचाच गळा ओका! बिचारीला कसंतरीच वाटलं. कालच्या कार्यक्रमातला झेंडूचा एक हार ताजा होता, तो त्यांनी मनापासून घातला. खाली दोन उदबत्त्याही लावल्या.

प्रणाली आजींचा हात धरून, मागे मावशी, अशी आत आली तेव्हा हॉलभर उदबत्तीचा वास होता.

चतुराबाई एकेका फोटोपाशी थांबत, प्रत्येकीला हात जोडत पुढे गेल्या. बाराव्यापाशी हात तसेच राहिले. मावशीच्या तोंडून ‘अगं बाई’ निघालं. प्रणालीला वाटलं, फरशी फाटावी आणि आपण आत जावं.

“मी कवा मेली व?” आजींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. खरोखरच विचारत होत्या.

मग प्रणालीने सगळं सांगितलं. नियम, तीन शुक्रवार, स्टूल. जिल्ह्यात पहिला आलेला तो आवाज पार फाटून गेला होता. पार्वताबाई कोपऱ्यात पदर तोंडात धरून उभ्या. चतुराबाईंनी ऐकून घेतलं आणि उदबत्तीची राख कुठे पडते ते बघत राहिल्या.

“माह्यं पुस्तक किती वाचलं तू?”

खोटं बोलायची ताकद आता नव्हती. “पहिलं पान, आजी.” भाषणाला दोनच ओळी लागत होत्या. त्यापुढे तिने कधी उघडलंच नव्हतं.

“एकोणीस काढ.”

प्रणालीने दप्तरातून पुस्तिका काढली. चतुराबाईंनी तोवर पार्वताबाईंना विचारलं, बक्षीस देतेत तवा मायबाप कुठी बसतेत? पार्वताबाईंनी पुढची रांग दाखवली. आजी सुजलेले पाय ओढत गेल्या आणि पहिल्या खुर्चीत बसल्या. प्रणाली स्टेजवर चढली आणि वाचू लागली.

‘बक्षीस घ्याले उभी लेक, शाळेच्या अंगनी,
भोंगाच नाई झाला, माय अडकली जिनी.’

पुढे आणखी सहा ओळी होत्या. लेकीचं नाव संघमित्रा. सातवीत पहिली आलेली. आई येईल म्हणून दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलेली. आणि त्याच उन्हाळ्यात तापात गेलेली. वाचता वाचता प्रणालीला कळलं, की आजींना भिंतीवर कधी चढायचंच नव्हतं. मुलींच्या शाळेत एकदा यायचं होतं, कोणीतरी बोलावल्यावर.

वाचून झालं. चतुराबाईंनी टाळ्या वाजवल्या. हळू, पण बराच वेळ. रिकाम्या हॉलमध्ये त्या दोनच हातांचा आवाज.

जाताना त्यांनी स्वतःच फोटो उतरवायला लावला. झेंडूचा हार पार्वताबाईंच्या हातात दिला, आणि तुह्या मनात काई नव्हतं माय, म्हणून त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. फोटो प्रणालीकडे दिला.

“तुह्यापाशी ठेव. माही येळ आली की लावजो. पन आधी सगळं वाचजो.”

दहावीचा अभ्यास सोडून प्रणालीने आठवडाभरात बत्तीस पानं वाचली. मग दर शुक्रवारी फोन करून एकेक गाणं वाचून दाखवायची. आजी मधेच चूक काढायच्या, छापणाऱ्या पोराईनं तिथं घोळ केला म्हणायच्या. चोवीस पानांपर्यंत आल्या दोघीजणी. पंचविसाव्याच्या शुक्रवारी फोन मावशीने उचलला आणि पुढे आजींकडे दिलाच नाही.

नंतर मोठ्या बाईंनी स्वतः घरी फोन केला. आता काही हरकत नाही, तुमच्या वर्गाचा खिळा अजून रिकामाच आहे, फोटो घेऊन ये म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या.

प्रणाली तेव्हा अकरावीत, कॉलेजात होती. सोमवारी जुन्या शाळेत फोटो बाराव्या खिळ्यावर लागला आणि प्रार्थनेला तिला दोन मिनिटं दिली. तिने एकोणिसावं पान उघडलं, ‘भोंगाच नाई झाला’पर्यंत आली आणि अडकली. पोरींना वाटलं ती ओळ विसरली. पाठ होती तिला. तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि रांगा हलल्या.

हॉल रिकामा झाल्यावर पार्वताबाईंनी चंदनाचा नवा हार आणून फ्रेमला घातला. प्रणाली खालीच उभी होती. तेव्हा तिच्या लक्षात आलं. स्टुडिओत आजींनी मान वळवली होती ना, त्यामुळे बाराव्या खिळ्यावरून त्या समोर बघत नाहीत. त्या स्टेजकडे बघतात, जिथे बक्षिसं देतात तिकडे.